कावळ्याला विचारण्यापूर्वी

दहाव्या दिवशी नदीच्या घाटावर पिंड ठेवला जातो आणि सगळी मंडळी मागे सरून उभी राहतात. कावळे समोरच्या झाडावर असतात, पण खाली उतरत नाहीत. मग कुजबुज सुरू होते. 'धाकटीच्या लग्नाचा घोर लागला असेल.' 'शेताच्या वाटणीचं मनात राहिलं असेल.' कुणीतरी पुढे होऊन हात जोडतो आणि म्हणतो, 'नाना, धाकटीचं आम्ही सगळे मिळून करू, काळजी करू नका.' तरी कावळा येत नाही. ऊन चढत जाते. कुणाला आठवते, नानांना चहा फार लागायचा. चहाची कपबशी पिंडाशेजारी येते. शेवटी कावळा शिवतो, किंवा गुरुजी दर्भाचा कावळा करून शिववतात, आणि मंडळी सुटल्यासारखी अंघोळीला जातात.

या प्रथेची टिंगल करण्यासाठी हे लिहीत नाही. मृताच्या मनात काय राहिले असेल, याची दहा माणसांनी उन्हात उभे राहून काळजी करावी, यात माया आहे. मला डॉक्टर म्हणून एवढेच वाटते की हा प्रश्न तीन महिन्यांपूर्वी नानांनाच विचारता आला असता. तेव्हा ते ओसरीवर बाजेवर बसलेले होते, चहा पीत होते. त्यांनी स्वतःहून दोनदा विषय काढलाही होता. पण घरातल्यांनी 'शुभ बोल रे नाऱ्या' म्हणून त्यांना गप्प केले. आपल्याकडे मरणाचे नाव काढले की मरण दाराशी येते असा समज आहे. माझ्या इतक्या वर्षांच्या व्यवसायात केवळ बोलल्यामुळे कुणी दगावल्याचे मी पाहिलेले नाही.

जमीनजुमला, घर, दागिने यांच्याविषयीची इच्छा हा वकिलांचा प्रांत. आमच्या प्रांतातल्या इच्छा वेगळ्या. शेवटच्या आजारात काय करावे आणि काय करू नये, कुठे मरावे, डोळे द्यावेत का, देह कुणाला द्यावा, अग्नी कुणी द्यावा, मागे राहिलेल्या बायकोला कसे वागवावे. या इच्छांची अडचण अशी की त्यांना मुदत असते, आणि ती फार थोडी असते.

एका निवृत्त मुख्याध्यापकांची गोष्ट सांगतो. त्यांनी मृत्युपत्रात स्वच्छ अक्षरात लिहिले होते की माझे नेत्रदान करावे, देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा, तेराव्याचा खर्च शाळेच्या ग्रंथालयाला द्यावा. मृत्युपत्र लाखेची मोहोर करून बँकेच्या लॉकरमध्ये ठेवले. गुरुजी गेले, घरच्यांनी यथासांग सारे केले, तेराव्याला चारशे पान उठले, आणि चौदाव्या दिवशी लॉकर उघडला. मुले ओक्साबोक्शी रडली. नेत्रदानाची मुदत सहा तासांची असते. जिवंतपणी ज्यांना कळायला हवे त्यांनाच न कळलेली इच्छा, मग ती कितीही चांगल्या अक्षरात का असेना, काय कामाची?

शेवटच्या आजाराविषयी

आधी श्वास सुटण्यापूर्वीचे पाहू, कारण भांडणे तिथेच फार होतात. घरातली माणसे आजीला वर्षभर सांभाळत असतात. कर्करोग यकृतात, हाडांत पसरला आहे, आता औषधाने आवरणार नाही, हे त्यांना ठाऊक असते. आजी म्हणत असतात, 'मला आता कुठं नेऊ नका.' आणि शेवटच्या आठवड्यात लांबच्या शहरातला मुलगा येतो. वर्षभर जवळ नव्हतो, ही बोच त्याच्या मनात असते. तो म्हणतो, 'असं कसं सोडून देता? मी नेतो मोठ्या हॉस्पिटलात.' घरच्यांना 'नाही' म्हणायचा धीर होत नाही, कारण उद्या गाव म्हणेल की पैशासाठी म्हातारीला मारली. मग आजी अतिदक्षता विभागात, तोंडात नळी, हात बांधलेले, काचेपलीकडे नातेवाईक. पाचव्या दिवशी देह आणि बिल दोन्ही हाती येतात.

याचा अर्थ व्हेंटिलेटर वाईट असा कुणी काढू नये. नाग किंवा मण्यार चावलेल्या तरुणाला वेळेवर प्रतिविष दिले आणि काही दिवस यंत्राने श्वास दिला, तर तो आपल्या पायांनी घरी जातो. न्यूमोनिया, विषबाधा, मोठी शस्त्रक्रिया यांतही तेच. यंत्र हे पुलासारखे आहे. पलीकडे काठ असेल तरच पूल उपयोगी. ज्या आजाराला पलीकडचा काठ उरलेला नाही, तिथे यंत्र मरण लांबवते, आयुष्य वाढवत नाही. बंद पडलेले हृदय छाती दाबून सुरू करण्याचेही तसेच. म्हाताऱ्या, ठिसूळ हाडांच्या माणसाच्या त्यात बरगड्या मोडतात. म्हणून डॉक्टरांना विचारायचा प्रश्न 'काही करता येईल का?' हा नव्हे. काही ना काही नेहमीच करता येते. 'हे केल्याने माझी आई उठून बसेल का, घरी येईल का?' असे विचारावे.

कायदाही आता या बाबतीत माणसाच्या बाजूने आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला आणि त्या मे २०१५ मध्ये जाईपर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून राहिल्या. तिथल्या परिचारिकांनी त्यांची सेवा केली. त्यांच्या प्रकरणात २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने हा विषय प्रथम सविस्तर हाताळला. पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निर्णय दिला की सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि शुद्धीवर असताना माणूस आपल्या शेवटच्या उपचारांविषयी लेखी सूचना करून ठेवू शकतो. सुरुवातीला हा कागद न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर करावा लागे, त्यामुळे फारसे कुणी त्या वाटेला गेले नाही. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ती अट सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही केली की पुरे. आपल्या वतीने बोलणारी एक किंवा अधिक जवळची माणसे त्यात नावानिशी लिहायची. एक प्रत त्यांना, एक नेहमीच्या डॉक्टरांना आणि एक आपल्या नगरपालिका, महानगरपालिका किंवा पंचायतीने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची. हा कागद कधीही बदलता येतो, रद्दही करता येतो.

कागद केला म्हणजे डॉक्टर लगेच यंत्र काढतात, असे नाही. माणूस बरा होण्याची आशा नाही आणि तो स्वतः निर्णय सांगण्याच्या स्थितीत नाही, हे आधी रुग्णालयाच्या डॉक्टरांचे मंडळ ठरवते. मग दुसरे मंडळ ते तपासते. या दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सुचवलेला डॉक्टर असतो. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यावे, असे न्यायालयाने सांगितले आहे, आणि अंमलबजावणीपूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. सुई देऊन मरण आणणे मात्र आपल्याकडे गुन्हाच आहे. या कागदाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आणि उपचार थांबवणे म्हणजे माणसाला टाकून देणे, हा गैरसमज आधी मनातून काढावा. दुखणे कमी करणे, दम कमी करणे, बद्धकोष्ठ, उलटी, तोंडाची कोरड, पाठीच्या जखमा सांभाळणे, याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात आणि ते काम शेवटच्या श्वासापर्यंत चालते. मॉर्फिनचे नाव काढले की घरचे दचकतात. पण जाणत्या डॉक्टरने बेताने दिलेल्या मॉर्फिनने माणूस मरत नाही. त्याचे कळवळणे थांबते, लागलेला दम हलका होतो.

घरी शेवटचे तास

घरी मरण यावे, ही इच्छा आपल्या भागात अजून बहुतेकांची असते आणि ती रास्त आहे. पण घरी काय काय दिसेल, हे आधी कळले नाही, तर शेवटच्या तासात घाबरून घरचे गाडी बोलावतात. म्हणून स्पष्ट लिहितो.

शेवटच्या दिवसांत माणूस खात नाही. घरच्यांना वाटते, खात नाही म्हणून खंगतोय. खरे तर उलटे असते, शरीर आवरते घेत असते म्हणून भूक जाते. विनोबांनी १९८२ साली पवनारला अन्न आणि औषध ठरवून सोडले, ती गोष्ट निराळी. आपल्या आजोबांना अन्नानेच सोडलेले असते. अशा वेळी चमच्याने बळेच भरवू नये, ते ठसक्याने श्वासनलिकेत जाते. 'निदान सलाईन तरी लावा' असा आग्रह होतो. पण थकलेल्या हृदयाला आणि मूत्रपिंडांना ते पाणी झेपत नाही, ते फुप्फुसांत आणि पायांत साचते आणि दम वाढतो.

मग घशात घरघर लागते. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. गिळण्याची शक्ती गेल्यामुळे घशात साचलेल्या लाळेचा तो आवाज असतो. माणूस बहुधा बेशुद्धीत असतो आणि त्याला त्याचा त्रास होत नसावा. त्याला कुशीवर वळवावे, आवाज पुष्कळदा कमी होतो.

आता आपल्या दोन चालींविषयी. जीव जाण्यापूर्वी माणसाला खाटेवरून खाली भुईवर घेतात. ज्याला दम लागला आहे, त्याला जमिनीवर सपाट निजवले की तो अक्षरशः गुदमरतो. भुईवर घ्यायचेच असेल तर पाठीला उशा, तक्क्या, घडी केलेली गोधडी देऊन डोके-छाती उंच ठेवावी. श्वास थांबल्यावर मग सपाट करावे. दुसरी चाल गंगाजल आणि तुळशीपत्राची. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पळीभर पाणी ओतू नये. कापसाचा बोळा किंवा तुळशीचे पान गंगाजलात बुडवून ओठांवरून, जिभेवरून फिरवावे. कोरड्या तोंडाला तेच सर्वांत बरे वाटते आणि विधीही मोडत नाही. हे एका कीर्तनकारबुवांना सांगितले, तेव्हा ते म्हणाले, 'डॉक्टरसाहेब, ओठाला लागलं तरी ते गंगाजलच.' त्यांच्याइतके नेमके मला सांगता आले नसते.

ऐकू येणे बराच वेळ शाबूत राहू शकते. म्हणून उशाशी वाटणीची, बिलांची चर्चा नको. हात हातात घेऊन नावाने हाक मारावी.

श्वास थांबल्यावर ज्येष्ठ बायका डोळे मिटवतात, हनुवटी बांधतात, हातपाय सरळ करून पायांचे अंगठे बांधतात. यात शहाणपण आहे. दोनतीन तासांत देह ताठ होऊ लागतो, नंतर हे करता येत नाही. ज्या डॉक्टरांचे उपचार चालू होते, त्यांना बोलावून मृत्यूचे कारण लिहिलेला दाखला घ्यावा आणि २१ दिवसांच्या आत नोंद करावी. घरी मरण यावे असे ज्यांना वाटते, त्यांनी शेवटच्या आजारात एका डॉक्टरांच्या पाहण्यात असलेच पाहिजे. नाहीतर ज्याने पेशंट कधी पाहिलाच नाही त्याच्या दारात दाखल्यासाठी मध्यरात्री उभे राहावे लागते, आणि त्याने नकार दिला तर त्याचे चुकत नाही.

पहिले सहा तास

नेत्रदानासाठी वय आड येत नाही. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मधुमेह, रक्तदाब हेही आड येत नाहीत. रेबीज, एड्स, कावीळ ब आणि क, रक्ताचा कर्करोग, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग यांत मात्र डोळे घेत नाहीत. फॉर्म भरलेला नसला तरी घरच्यांच्या संमतीने नेत्रदान होते. करायचे इतकेच: पंखा बंद करावा, पापण्या मिटून वर ओला स्वच्छ कापूस ठेवावा, डोक्याखाली उशी द्यावी आणि नेत्रपेढीला ताबडतोब फोन करावा. पथक घरी येते, वीस मिनिटांत काम होते, चेहरा विद्रूप होत नाही. दहन असो की दफन, अंत्ययात्रेला उशीर होत नाही. फोन नंबर आधीच भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, रडारडीत तो सापडत नाही.

देहदानाचे थोडे निराळे आहे. फॉर्म भरणे म्हणजे फक्त इच्छा नोंदवणे. प्रत्यक्ष देह द्यायचा तो वारसांनी, आणि एक मुलगा जरी आडवा पडला तरी महाविद्यालय वादात पडत नाही. शवविच्छेदन झालेला देह, अपघात-विषबाधा अशा पोलीस प्रकरणातला देह, काही संसर्गजन्य आजारांचा देह स्वीकारत नाहीत. नेत्रदान करून देहदान मात्र करता येते. देह घरच्यांकडे परत येत नाही, म्हणून राख सावडणे उरत नाही. ज्यांना बाकीचे विधी करायचे असतात ते करतात. हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीत जन्मलेले नानाजी देशमुख फेब्रुवारी २०१० मध्ये चित्रकूटला गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे देह दिल्लीच्या एम्सला दिला गेला. त्याच्या महिनाभर आधी ज्योती बसूंचा देह कोलकात्यात असाच दिला गेला होता. दोघांची विचारसरणी दोन टोकांची, पण विद्यार्थ्यांच्या टेबलावर त्याचा काही फरक पडत नाही.

आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. छातीत पेसमेकर बसवलेला असेल तर दहनापूर्वी तो डॉक्टरांकडून काढून घ्यावा. उष्णतेने त्याची बॅटरी फुटते.

विधींविषयी डॉक्टरने काय बोलावे? तरी थोडे बोलतो, कारण यातली लिहिलेली इच्छाही कधी कधी पुरी पडत नाही. महात्मा फुल्यांनी १८८७ च्या मृत्युपत्रात आपला देह न जाळता मिठात पुरावा असे लिहिले होते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले, पण राहत्या वस्तीत पुरण्याची परवानगी मिळाली नाही आणि दहन करावे लागले. दत्तक मुलगा यशवंत याने टिटवे धरण्यास भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाई स्वतः टिटवे घेऊन पुढे चालल्या आणि त्यांनीच अग्नी दिला. आजही 'बाईने कसा अग्नी द्यावा' म्हणून घोळ घालणाऱ्यांनी हे साल पाहावे. आगरकरांनी दम्याने जर्जर झालेले असताना आपल्या दहनाच्या खर्चाचे पैसे पुरचुंडीत बांधून उशाशी ठेवले होते, अशी आठवण सांगतात. सावरकरांनी विद्युतदाहिनी, हरताळ नको, श्राद्धपिंड नको, असे लिहून ठेवले होते. ही माणसे एकमेकांशी किती बाबतींत जुळली असती कोण जाणे, पण मागच्यांना अंदाज करायला लावणे तिघांनाही पसंत नव्हते.

पुरुषांनी एक ओळ जरूर लिहावी, असे मी माझ्या पुरुष पेशंटांना सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे बंद. त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही तसे आवाहन केले. ठराव झाले तरी प्रत्यक्ष त्या क्षणी चार बायका पुढे सरसावतात आणि ती बिचारी 'नको' म्हणू शकत नाही. 'माझ्यामागे हिच्या बांगड्या कुणी फोडू नयेत' असे नवऱ्याच्या हातचे वाक्य असेल तर तिच्या बाजूने बोलायला कुणाला तरी तोंड मिळते.

माझा स्वतःचा कागद मी केला आहे. डोळे आणि देह द्यावा. बरा होण्यासारखा आजार असेल तर सगळे करावे, नसेल तर यंत्र लावू नये, दुखू देऊ नये. शेजारच्यांनी आणलेल्या पिठलं-भाकरीवर सुतक भागवावे, तेराव्याची पंगत नको. माझ्या पत्नीचे मत अगदी वेगळे आहे. तिला डोळे द्यायचे आहेत, पण देह नाही. तिला अग्नी हवा, गुरुजी हवेत, दहावा नाशिकला गोदाकाठी हवा. यावर आमचे एक संध्याकाळभर वाजले. मग मी तिचे सगळे तिच्या शब्दांत लिहून घेतले. मी मागे राहिलो तर तिचा दहावा गोदाकाठीच होईल. माझी मते माझ्या देहापुरती.

साधा फुलस्केप कागद चालतो. रक्ततपासणीच्या रिपोर्टांची आणि ई.सी.जी.ची जी फाईल घेऊन तुम्ही आमच्याकडे येता, तिच्यातच सर्वांत वर तो लावा, आणि लांबच्या मुलाला फोनवर सबंध वाचून दाखवा. उपचारांविषयीचा भाग कायद्याने पक्का करायचा असेल तर वर लिहिल्याप्रमाणे नोटरीपुढे निराळा कागद करा.

शेवटी, ज्या घरात नुकतेच कुणी गेले आहे त्यांच्यासाठी. तेरा दिवस भेटायला येणाऱ्यांची रीघ असते आणि मागे राहिलेल्या आजी किंवा आजोबा कोपऱ्यात बसून असतात. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, इन्सुलिन, थायरॉईडची गोळी यांची आठवण कुणालाच राहत नाही. जेवण धड नसताना मधुमेहाची गोळी पूर्ण दिली तर साखर एकदम उतरते, हे दुसरे टोक. घरातल्या एका सुनेने किंवा नातवाने ते काम पहिल्याच दिवशी अंगावर घ्यावे, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकदा रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. सुतकात दवाखान्यात येऊ नये, असा कुठेही नियम नाही.